चक्क्याचं संत्रा-डिप: गटाच्या हळदीकुंकवाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज गटाची मीटिंग झाली. हळदीकुंकू २ फेब्रुवारीला, रविवारी, संध्याकाळी पाचनंतर, कारण त्याआधी अर्ध्या बाया कापसाच्या वेचणीवर असतात अन् उरलेल्यांच्या घरी तुरीचं चालू आहे. बाया पस्तीसेक, सोबत पोट्टे येणारच, म्हणजे चाळीस धरून चालायचं. यंदा एकल बायांनाही बोलवायचं अन् वाण सगळ्यांना सारखंच, हे मात्र दोन मिनिटात ठरलं, मला वाटलं होतं यावर तासभर जाईल.

खायचं काय यावरच खरा वेळ गेला. दरवर्षी वरूडवरून समोसे येतात, येईस्तोवर थंड होतात, आणि सगळ्याजणी चहासोबत मुकाट्यानं खातात. मी म्हणलं यावेळी खायचं माझ्याकडे द्या, फळं ठेवू अन् त्यासोबत गोड घट्ट डिप करू. "डिप म्हंजे काय होय व?" म्हणलं गोड चटणी समजा, फळ बुडवून खायची. हसल्या सगळ्या, पण नको असं कोणी म्हणलं नाही.

मोबाईलवर जे व्हिडिओ पाहिले ते सगळे अमेरिकेतले. तिकडं पार्टीत हे फार चालतं, क्रीम चीज (मऊ, आंबटसर चीज) अन् मार्शमॅलो क्रीम (फुगीर, चिकट गोड क्रीम) एकत्र फेटायचं, भोवती स्ट्रॉबेरी-सफरचंद मांडायचं, झालं. ओव्हन लागत नाही याचं त्यांना भारी कौतुक, आपल्याकडं कोणत्या गोडाला ओव्हन लागतो बाप्पा? मला त्यातलं एवढंच पटलं की आदल्या दिवशी करून ठेवता येतं अन् त्या दिवशी कोणी गॅसजवळ उभं राहत नाही.

सामानाचं बघितलं तर मार्शमॅलो क्रीममध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि नुसत्या मार्शमॅलोत बहुतेक जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्याचं), म्हणजे हळदीकुंकवातून दोन्ही बाद. क्रीम चीज आमच्या दुकानात नाही, अमरावतीवरून आणलं तर चाळीस जणींचं परवडणार नाही. भाचीनं शोधून सांगितलं की अमेरिकेच्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये फॅट कमीत कमी ३३ टक्के अन् पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के. हे ऐकलं अन् डोक्यात चक्काच आला. आपला चक्का आंबट पण आहे, घट्ट पण आहे, फक्त त्यात पाणी जास्त अन् फॅट कमी. पाणी जास्त वेळ टांगून काढू, फॅट सायीनं भरू. म्हैस घरचीच आहे.

१२ जानेवारी, रविवार

दह्याचा दिवस. या थंडीत आमच्याकडं विरजण लावून ओट्यावर ठेवलं तर सकाळी दूध दुधासारखंच राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन लिटर दूध चांगलं उकळलं, उकळी आल्यावर पण मंद आचेवर दहा मिनिटं ठेवलं, कारण असं तापवलं की दही घट्ट बसते अन् चक्काही जास्त निघतो. मग कोमट होऊ दिलं, भाचीच्या थर्मामीटरवर ४२ डिग्री, आत्याबाईच्या करंगळीवर "बस, लाव आता". दोन्ही एकाच वेळी जुळलं. विरजण दोन चमचे, गोड दह्याचं, आंबट विरजण असलं की पुढं साखर कितीही घाला आंबटपणा मागं राहतो.

ठेवायचं कुठं यावर आत्याबाईनं उपाय सांगितला. समोरच्या खोलीत कापूस भरून पडला आहे, भाव वाढल म्हणून विकला नाही, त्यात भगुणं झाकण बांधून गळ्यापर्यंत पुरायचं. मला आधी पटलं नाही, कापसात दही? पण कापूस उष्णता बाहेर जाऊच देत नाही. रात्री नऊला पुरलं, सकाळी सहाला काढलं तर भगुणं अजून कोमट अन् दही सुरी फिरवावी असं. भाव वाढो न वाढो, कापसाचा एवढा तरी उपयोग झाला. (झाकणाला फडकं घट्ट बांधायचं, नाहीतर सरकीसकट दही खावं लागल.)

१३ जानेवारी, सोमवार

दही धुतलेल्या सुती पंचात बांधून पडवीत खुंटीला टांगलं, खाली पाणी धरायला गंज (पातेलं). श्रीखंडाला आपण सात-आठ तास टांगतो. इथं मी रात्रभर ठेवलं, वर सकाळी गाठोडं चाळणीत घेऊन त्यावर वरवंटा ठेवला अजून दोन तास. श्रीखंड वाटीत खायचं असते, थोडं सैल असलं तर कोणी बोलत नाही. डिपला मात्र फळासोबत वर यायचं असते, फळ उचललं अन् डिप खालीच राहिलं तर कशाला केलं मग.

पडवीतल्या थंडीचा फायदा असा की रात्रभर टांगूनही आंबट झालं नाही. हेच एप्रिलमध्ये केलं तर सकाळी तोंड वाकडं होईल.

हिशोब: दोन लिटर दुधाचा आठशे ग्रॅमच्या आसपास चक्का, म्हणजे लिटरमागं चारशे धरायचे. खाली निघालेल्या पाण्याची कढी केली, उरलेलं म्हशीच्या ढेपेत.

१४ जानेवारी

संक्रांत. डिपचं काही नाही. तिळाच्या वड्या फुटल्या त्याचा चुरा डब्यात वेगळा ठेवला, चक्क्यावर टाकून बघायचा आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार, संकष्टी

आज मिसळायचं. आत्याबाईचा उपास, पण दूध-फळ-साखर सगळं उपासाला चालते त्यामुळे चाखायला त्याच पहिल्या.

चक्का आधी पुरणयंत्रातून काढला. मिक्सर नको, मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो. अर्धा किलो चक्क्याला श्रीखंडात आपण जवळजवळ तेवढीच साखर घालतो, इथं दीडशे ग्रॅम पिठीसाखर पुरते कारण फळाची गोडी वेगळी येते. साय शंभर ग्रॅम, ताजी, एका दिवसाची, हातानं रवीनं हलकी फेटून. साय जास्त घुसळली की लोणी सुटायला लागते अन् मग डिपमध्ये दाणे दाणे लागतात, त्यामुळे मऊ झाली की थांबायचं. डब्यातली क्रीम पण आणली होती बघायला, २५ टक्के फॅटची, ती कितीही फेटा फुलत नाही, फुलायला तीसच्या वर फॅट लागते. तिच्यानं डिप गुळगुळीत झालं पण सैल पडलं. साय बरी.

आता मुख्य गोष्ट. साखर घातल्या घातल्या डिप छान घट्ट दिसते, अर्ध्या तासानं बघा तर ओघळायला लागते. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते अन् त्यातच विरघळते. थंडीत ठेवलं की परत थोडं आवळते पण पहिल्यासारखं नाही. म्हणून टांगणं जास्त, साखर कमी, आणि दोन चमचे दूध पावडर, ती सुटलेलं पाणी पिऊन घेते. वेलची घातली नाही मुद्दाम, वेलची-केशर घातलं की बाया चाखायच्या आधीच म्हणतील श्रीखंड.

आत्याबाईनं चाखलं, अन् म्हणल्या, "हे त श्रीखंडच होय, नाव बदललं तुनं." मग केळ्याचा तुकडा बुडवून खाल्ला, मग दुसरा. चंद्र निघायच्या आत वाटी रिकामी.

१९ जानेवारी, रविवार

संत्र्याशिवाय आमच्या भागात काही करायचं म्हणजे बोलणी खायचं काम. वरूड-मोर्शी-काटोल-नरखेड, सगळा संत्रापट्टा, २०१४ साली नागपुरी संत्र्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात आमच्या बागांचाच माल आहे. आता आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या तोंडी येणारा) माल जवळजवळ संपला, मृग बहाराचा (उन्हाळ्याच्या तोंडी येणारा) यायला अजून आहे, पण बांधावरच्या दोन झाडांवर घरी खायला ठेवलेली होती ती उतरवली.

आधी रसाचा प्रयोग. वाटीभर रस काढला, बिया गाळल्या, थोडा आटवून चक्क्यात घालू असा विचार. दीर म्हणाले वहिनी रस ठेवू नका कडू होते, त्यांच्या बागेचा अनुभव. तरी करून बघितलं कारण असं ऐकलेलं अन् चाखलेलं यात फरक असते. खरंच कडू. फळ खाताना गोड, रस काढला की त्यात लिमोनिन म्हणून कडू द्रव्य हळूहळू तयार होते, तापवलं तर अजून लवकर, बिया चेपल्या गेल्या तर आणखी. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरणाऱ्यांची हीच जुनी डोकेदुखी आहे. आणि कडूपणा बाजूला ठेवला तरी रस म्हणजे परत पाणीच, रात्रभर टांगून काढलं ते रसातून परत घालायचं कशाला?

मग साल. वास सगळा सालीतच असतो. आपल्या संत्र्याची साल सैल, किसणीवर दाबलं की आत जाते, बोटं किसल्या जातात. उपाय सापडला, फळ रात्रभर थंड करून घट्ट झालं की मग किसायचं, हलक्या हातानं, फक्त नारिंगी थर, पांढरा आला की कडू. फवारणीच्या बागेचं फळ असल तर साल नकोच, हे बांधावरचं बिनफवारणीचं म्हणून चाललं, तरी कोमट पाण्यात मीठ घालून घासून धुतलं. अर्धा किलो चक्क्याला दोन संत्र्याच्या सालीचा कीस अन् चिमूटभर मीठ. वास असा आला की गोठ्यातून नवरा विचारत आला काय करून रायली.

हेच फायनल. रस बाद, साल पक्की.

२१ जानेवारी, मंगळवार

फळांची परीक्षा. छोट्या वाट्यांत डिप घेऊन प्रत्येकीत एका फळाचे तुकडे टाकून तीन-चार तास ठेवले. असं कोणी ठेवत नाही हे मान्य, पण कार्यक्रमात एखादी वाटी तशी राहतेच.

अननस सगळ्यात वाईट. वाटीत पातळ पाणी झालं अन् चव कडवट. अननसात ब्रोमेलेन असते, ते दुधातलं प्रोटीनच तोडून टाकते. किवी भाचीनं नागपूरवरून आणली होती, तिचं पण तेच, तिच्यात ॲक्टिनिडिन. पपईत पपेन, पिकलेलीत कमी असते तरी कडसर चव आलीच. डब्यातला शिजवलेला अननस चालतो कारण गरम केल्यावर ते एन्झाइम मरते, पण डबा फोडून साखरेच्या पाकातला अननस खायचा तर पेरूनं काय घोडं मारलं.

सफरचंद चांगलं, करकरीत, डिप धरते. फक्त काळं पडते. लिटरभर पाण्यात एका लिंबाचा रस, त्यात तुकडे चार-पाच मिनिटं, मग काढून फडक्यावर कोरडे करायचे. कोरडे करणं महत्त्वाचं, ओल्या तुकड्यावर डिप बसतच नाही, घसरते. केळं पण लिंबाच्या पाण्यात बुडवता येते पण मऊ पडते, ते वेळेवर कापणंच बरं. संत्र्याच्या फाका वरच्या पातळ पापुद्र्यासकट कोरड्या असतात, बरोबर बुडतात, बी काढायला बाजूनं चीर द्यायची, फाक फोडायची नाही. द्राक्ष आत्ता आंबट येऊन रायले, दोन आठवड्यानं बघू. पेरूबद्दल घरात दोन मतं आहेत.

बोरं नाही. बोरात बी, ती थुंकायची कुठं चाळीस बायांनी.

२२ जानेवारी

जाऊबाईनं आज असा मुद्दा काढला की मी जिथल्या तिथं बसली. "एकाच भांड्यात साऱ्याइनं बुडवाचं? म्या नाई खात बाप्पा उष्टं." अन् खरं आहे. त्या व्हिडिओत एक मोठा वाडगा मध्ये, दहाजण त्यात सफरचंद बुडवून अर्धं खाऊन परत तेच बुडवतात. आपल्याकडं हे चालणारच नाही, अन् चालू नये असं माझंही मत, सर्दी-खोकल्याचे दिवस आहेत. मोठा वाडगा अन् भोवती फुलासारखी फळं, हे दिसायला सुंदर होतं, फोटो पण काढायचा होता, पण गेलं ते.

चमच्यानं वाढून द्यायचं तर कशात? कागदी वाट्या मिळतात, पण जाऊबाई म्हणे पळसाचे द्रोण घे, शेतातून पानं आणून आत्याबाई अजूनही टाचते. द्रोणात डिप, बाजूला पत्रावळीच्या तुकड्यावर फळं, प्रत्येकीला एक काडी. प्रत्येकीचं आपापलं.

द्रोणाचा एक फायदा मी धरलाच नव्हता. डिप द्रोणात घालून खाली जुन्या वहीचा कोरा कागद ठेवला. तासाभरानं कागद ओला झाला तर समजायचं चक्क्यात अजून पाणी आहे. आजचा कागद काठाला थोडा ओला, म्हणजे वरवंटा अजून तासभर. यापेक्षा सोपी परीक्षा मला सुचली नसती.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन, मग पोट्टे घरी. त्यांच्यावर ट्रायल घेतली. फळं दिली, सोबत दिवाळीचे नाही, ताजे केलेले शंकरपाळे. फळं राहिली बाजूला, शंकरपाळे डिपमध्ये बुडवून असे खाल्ले की विचारू नका. खारट-गोड-आंबट एकत्र लागते म्हणून असल. तिळाच्या वडीचा चुरा वर टाकला ते पण आवडलं, पण तो डिपवर अर्धा तास राहिला की मऊ होतो, पाणी ओढतो. म्हणजे चुरा अगदी वाढताना.

एक पोट्टी म्हणते "आत्या, हे रोज करत जा." रोज साडेतीन लिटर दूध डेअरीत न जाता घरात मुरलं तर नवरा मला डेअरीत नेऊन घालल.

२८ जानेवारी

लाईनचा (विजेचा) प्रश्न. दुपारी कधी जाईल कधी येईल भरवसा नाही, फ्रिज म्हणजे तेवढ्या वेळापुरतं कपाट. दुधाचा पदार्थ बाहेर दोन तासाच्या वर ठेवू नये, ४ डिग्रीच्या वर जंतू वाढायला लागतात अन् आपल्या ओळखीतल्या चाळीस जणींना एकाच दिवशी पोट बिघडवून द्यायचं नाही. डिपमध्ये आंबटपणा आहे, साखर आहे, तो साध्या दुधापेक्षा टिकतो, पण त्यावर भिस्त नाही.

असं करायचं: रात्री बाहेर थंडी आहेच, डबा रांजणाच्या ओल्या वाळूत ठेवून वर ओलं पोतं. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडते अन् थंड राहते, उन्हाळ्यात आपले कूलर याच्यावरच चालतात. सकाळी बघितलं, डब्याला हात लावला तर बोटं गार. दुपारसाठी मात्र बर्फ लागणारच. स्टीलच्या डब्यांत पाणी भरून दोन रात्री आधीपासून बर्फ करून ठेवायचा, मोठ्या परातीत बर्फ अन् मूठभर खडेमीठ, त्यात डिपचा डबा. मीठ घातलं की बर्फ वितळतानाच आणखी थंड होते, कुल्फीवाल्याचं तंत्र. खारं पाणी उडून डिपमध्ये जाणार नाही एवढं झाकण पक्कं हवं.

३१ जानेवारी, शुक्रवार

चाळीस जणांचं माप, माणशी पन्नास ग्रॅम धरून दोन किलो डिप:

म्हशीचं दूध साडेतीन लिटर (चक्का एक किलो चारशे), पिठीसाखर चारशे ग्रॅम, साय पावणेतीनशे ग्रॅम, दूध पावडर पाच-सहा चमचे, सहा संत्र्यांचा कीस, मीठ चिमूट-दोन चिमूट. पिठीसाखर घरी मिक्सरवर, दुकानातलीत कधीकधी कॉर्नफ्लोअर असते, नुकसान नाही पण जिभेला पीठ लागते.

ज्यांना शुगर आहे अशा पाच-सहा जणी, त्यांच्यासाठी पाव किलो चक्का साखर न घालता वेगळा, साल अन् मीठ घालून, सोबत पेरू. न विचारता करायचं, तिथं सगळ्यांसमोर "तुम्हाला शुगर आहे ना" असं विचारलेलं कोणाला आवडत नाही.

दूध आज रात्री विरजायचं. कापूस अजून आहे, भाव तसाच.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दही काढलं अन् टांगलं, एवढं वजन एका खुंटीला नको म्हणून दोन गाठोडी. संध्याकाळी वरवंटे. शंकरपाळे जाऊबाईकडं. आत्याबाई अन् शेजारच्या काकू द्रोण टाचत बसल्या, पन्नास झाले. परतवाड्याहून दिराचे मित्र येणार होते, त्यांना चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी आणायला सांगितली होती, दोन किलो आली, लहान लहान पण वास छान. धुतली नाही, धुवून ठेवली की सकाळपर्यंत पिचते. उद्या वेळेवर, देठासकट धुवायची, देठ मग काढायचे, आधी देठ काढला तर आत पाणी शिरते.

रात्री नऊपर्यंत चक्का मळून साय घालून ठेवला. साखर घातली नाही. साखर उद्या दुपारी तीनला, म्हणजे पाणी सुटायला वेळ कमी मिळतो.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी एकला लाईन गेली, अपेक्षेप्रमाणे. बर्फाच्या परातीनं निभावलं. तीनला साखर, कीस, पावडर. कागदाची परीक्षा: कोरडा. मी तो कागद जाऊबाईला दाखवला, त्या म्हणे बरं बरं, आता सफरचंदं काप.

साडेचारपासून दोघीजणी कापायला, एक कोरडं करायला. पहिली खेप आली ती वेचणीवरून सरळ, हातपाय धुवून लुगडं बदलून, दिवसभराची उपाशी. त्यांना हे असं द्रोणभर गोड किती पुरणार हे मला त्यांच्याकडं बघूनच कळलं, बरं झालं चिवड्याचा डबा काढून ठेवला होता. आधी चिवडा-चहा, मग डिप. खाण्याचा क्रम हाच ठेवायचा.

"थंडीत दही कोन खाते व माय?" हे दोघीतिघींनी म्हणलं, अन् त्यातल्याच एकीनं नंतर द्रोण पुढं केला, "मले आनखी दे." बहुतेकींनी काडी बाजूला ठेवून बोटानंच खाल्लं, काड्या पुढच्या वेळी निम्म्याच.

फळांचा निकाल. स्ट्रॉबेरी पहिली संपली, दिसण्यावरच संपली. सफरचंद अन् केळं सगळ्यांना जमलं. संत्र्याची फाक डिपमध्ये चांगली लागते असं मला अन् भाचीलाच वाटते, बाकीच्यांनी संत्रा वेगळाच खाल्ला, घरचंच आहे, त्याला कशाला साज. पण डिपमधला सालीचा वास कोणाला ओळखता आला नाही, "काय घातलं?" म्हणून विचारत होत्या, संत्र्याची साल सांगितलं तर विश्वास बसेना, आपण ती उन्हात वाळवून उटण्यात घालतो. पेरूचा निकाल स्पष्ट लागला. काकूंनी डबीतून तिखट-मीठ काढलं, त्यानंतर डिपकडं पेरू कोणी नेला नाही. मी पण नाही नेला. बिनसाखरेचा चक्का मात्र तिखट-मीठ-पेरूसोबत फार जमला, अन् शुगर नसलेल्याच तो जास्त मागत होत्या, ज्यांच्यासाठी केला त्यांनी गोड खाल्लं.

पोट्ट्यांनी शंकरपाळे.

एक मावशी पहिल्यांदाच आल्या होत्या कार्यक्रमाला, नवरा वारल्यापासून येत नव्हत्या. त्यांनी वाण घेतलं, खाल्लं, अन् जाताना विचारलं की हे दही कापसात ठेवलं म्हणे ते खरं का. म्हणलं हो. त्या म्हणल्या आमच्या माहेरी गव्हाच्या कोठीत ठेवत.

द्रोण एकही गळला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

उरलं ते पावशेर डिप. सकाळी वर पाणी सुटलेलं, हलवलं तर सैल, आत्याबाईनं ताकात घुसळून पीयूषासारखं करून सगळ्यांना दिलं. म्हणजे साखर घातलेलं दुसऱ्या दिवशी डिप म्हणून चालत नाही, पिण्यात जाते. बिनसाखरेचा चक्का थोडा उरला तो अजून घट्ट आहे, उद्या पुऱ्या.

गटाच्या वहीत खर्च लिहिला. समोश्यापेक्षा कमी झाला कारण दूध, संत्री, पानं घरची. दूध विकत धरलं तर बरोबरीतच येते, हे मी अध्यक्षताईंना स्पष्ट सांगितलं, स्वस्त म्हणून करू नका, आदल्या दिवशी होते म्हणून करा.

खालच्या आळीत या महिनाअखेर बारसं आहे, त्यांनी साठ जणांचं विचारलं. तेव्हा मृगाची संत्री असतील, द्राक्षं गोड झाली असतील, स्ट्रॉबेरीचं बघावं लागल. दूध सव्वापाच लिटर. दिवस तापायला लागले असतील, दही सहा-सात तासात लागल अन् कापसाची गरज नाही, तोवर तो विकलाही असल. टांगायचं मात्र बाहेर नाही, चाळणीत घालून फ्रिजमध्येच, अन् त्या रात्री लाईन राहील का ते आधी वायरमनला विचारून ठेवायचं. तीन किलोला वरवंटे चार लागतील. दोन आमचे, एक जाऊबाईचा, एक काकूंकडून.